खाकऱ्याचा डबा आणि पासपोर्ट

आमच्याकडे कुणी परदेशी निघाले की पहिली चौकशी ठरलेली. "खाकरे किती घेतले?" दुसरी, "लोणचं सांडणार नाही ना?" तिसरी, "थेपले किती दिवस टिकतात हो?" पासपोर्टची मुदत किती उरली, विमा कुणी काढला, तिथे माणूस आजारी पडले तर फोन कुठे लावायचा, हे कुणी विचारत नाही. निदान बाईला तरी विचारत नाही. बाईच्या वाट्याला डबा, पुरुषाच्या वाट्याला कागद, अशी वाटणी झालेली आहे. ती कुणी केली, कधी केली, कुणालाच आठवत नाही.

गेल्या वर्षी सौसरला महिलांसाठी एक कार्यक्रम ठेवला होता. विषय, 'परदेश प्रवास : माहिती आणि मार्गदर्शन'. पांढुर्ण्याहून आम्ही सहाजणी गेलो. बोलावलेले गृहस्थ पाच-सहा देश फिरून आलेले, बोलायला गोड. त्यांनी पाऊण तास सांगितले. खाकरे हवाबंद पाकिटात कसे भरावेत, कोरडी चटणी कशात न्यावी, मेथांबा नेऊ नये कारण तो गळतो, खोलीतल्या केटलीत मुगाची खिचडी होते की नाही. सगळे उपयोगाचेच. मी वहीत लिहूनही घेतले. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले, तेव्हा मी उभी राहिले. विचारले, "पासपोर्ट बायकांनी कुठे ठेवावा?"

ते हसले. म्हणाले, "ताई, तो मिस्टरांकडे देऊन टाकायचा. तुम्ही कशाला टेन्शन घेता? तुम्ही मोकळ्या मनानं फिरायचं!"

टाळ्या पडल्या. बायकांनीच वाजवल्या. हा लेख त्या टाळ्यांमुळे लिहिते आहे.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण मोकळ्या मनाने मी फिरून आले होते. त्याचे काय झाले ते आधी सांगते.

2023 च्या नोव्हेंबरपासून थायलंडने भारतीयांसाठी व्हिसाची अट उठवली आणि आमच्या भागातूनही तिकडे जाणारे वाढले. आंबिया बहाराचा माल गेला, हातात थोडा पैसा खुळखुळला, म्हणून जानेवारीत आम्ही अकरा जोडपी निघालो. सहलीच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात 'शुद्ध जैन भोजन' होते. माझ्या बॅगेत साडेचार किलो खाऊ. ह्यांच्या काळ्या बॅगेत दोघांचे पासपोर्ट, तिकिटे, कार्ड, पैसे, आणि काय काय होते मला ठाऊक नाही. बॅगेला आकड्यांचे कुलूप. आकडा त्यांना माहीत.

तिसऱ्या दिवशी पट्टायाला होतो. आमचे हे चौविहार करतात आणि त्यांना साखरेचा आजार आहे. शुद्ध जैन भोजन खरोखर शुद्ध होते, कांदा नाही, बटाटा नाही. पण ते वाढायचे रात्री आठला. तिथे जानेवारीत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे कंद चुकवला आणि रात्र पदरात घातली. ह्यांनी दोन खाकरे आणि एक केळे खाल्ले, सवयीप्रमाणे संध्याकाळची गोळी घेतली, पाणी प्यायले आणि चौविहार केला.

रात्री अकराला मला जाग आली. हे घामाने निथळत होते. बोलत होते ते कळत नव्हते. मला वाटले दुकानाचे स्वप्न पडले असेल. मग हात थरथरताना पाहिला आणि समजले, साखर उतरली. खोलीत संत्र्याच्या रसाची बाटली होती. तिथे रस्त्यावर बाया लहान संत्र्यांचा ताजा रस बाटल्यांत भरून विकतात. संत्र्याच्या गावची बाई, घेतल्याशिवाय राहवले नव्हते. बाटली उघडली आणि हात थांबला. रात्र आहे. चौविहार आहे. मी हे लपवणार नाही. तेवढा एक क्षण मी थांबले होते.

मग दिली पाजून. शुद्ध होती, गिळता येत होते, म्हणून पाजता आली. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतू नये, हे पुढे डॉक्टरांनी बजावले. पंधरा मिनिटांत ओळख पटू लागली, पण छातीत धडधड होती आणि दवाखाना गाठावा लागला. दवाखान्याने पहिला प्रश्न विचारला, पासपोर्ट? दुसरा, विमा? तिसरा, रोज कोणत्या गोळ्या घेतात? गोळ्यांची चिठ्ठीही त्या बॅगेत. बॅग हॉटेलात. मी परत धावले. सोबतीला आमच्यातल्या एक वहिनी. कुलपाचे तीन आकडे आम्ही दोघी लावत बसलो. लग्नाचे वर्ष लावले, मुलाचा वाढदिवस लावला, घराचा नंबर लावला. शेवटी हॉटेलच्या माणसाने पक्कड आणून कुलूप तोडले.

सकाळी हे हसायला लागले तेव्हा मी विचारले, आकडा काय होता? दुकानाच्या फोनचे शेवटचे तीन आकडे. तो नंबर मी दिवसातून चारदा फिरवते, डबा पाठवू का विचारायला.

देवाच्या दयेने सगळे निभावले. पण दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी आमच्या अकराजणींना विचारले, पासपोर्ट कुणाकुणाजवळ आहे? एकीजवळही नव्हता. हॉटेलचे नाव सांगा म्हटले, तर दोघींना आले. विमा काढला आहे का, हे कुणालाच पक्के माहीत नव्हते. त्यात एक शिक्षिका होती, एक एम.एस्सी., एक वकिलीची सनद असलेली. मी बी.ए. आहे, तीस वर्षे घर चालवते आहे. आम्ही अडाणी नव्हतो. आम्हाला सामान म्हणून नेले होते, आणि सामानाला कुठे जायचे ते सांगावे लागत नाही.

आता कुणी म्हणेल, एक प्रसंग घडला म्हणून एवढे लिहायचे? तर ऐका, परदेशात पासपोर्ट म्हणजे काय असतो. तिथे फोनचे सिम घ्यायचे तर पासपोर्ट दाखवावा लागतो. पैसे बदलून घ्यायचे तर पासपोर्ट. हॉटेलात खोली घ्यायची तर पासपोर्ट. दवाखान्यात पासपोर्ट, पोलिसांत पासपोर्ट. म्हणजे जिच्याजवळ तो नाही ती तिथे फोन करू शकत नाही, पैसा मिळवू शकत नाही, डोके टेकायला जागा घेऊ शकत नाही. पांढुर्ण्याच्या बाजारात मला सगळे ओळखतात. तिथे मला ओळखणारे फक्त ते निळे पुस्तक. ते दुसऱ्याच्या खिशात ठेवून मोकळ्या मनाने फिरा म्हणणे म्हणजे आपली ओळख दुसऱ्याच्या खिशात ठेवणे.

म्हणून सौसरच्या कार्यक्रमात जे सांगितले गेले नाही ते इथे लिहिते. थायलंडचे लिहिते, कारण ते पाहिले. दुसऱ्या देशाला जाणाऱ्यांनी हेच प्रश्न विचारावेत, उत्तरे वेगळी येतील.

पहिले कागद. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने चालणारा हवा. बरेच देश हे पाहतात. तो आपल्या अंगावरच्या लहान पिशवीत ठेवायचा. त्याची झेरॉक्स मोठ्या बॅगेत, फोटो फोनमध्ये, आणि एक प्रत गावी मुलीकडे किंवा सुनेकडे. हरवलाच तर आधी पोलिसांत तक्रार, मग ती घेऊन भारतीय दूतावास. बँकॉकमध्ये तो सुखुमवित रस्त्याच्या 23 नंबरच्या सोईत, म्हणजे गल्लीत आहे. ते मायदेशी परतण्यापुरते तातडीचे प्रमाणपत्र देतात. झेरॉक्स जवळ असली तर काम सोपे होते.

1 मे 2025 पासून थायलंडला उतरण्याआधीच्या तीन दिवसांत एक फॉर्म इंटरनेटवर भरावा लागतो. तो फुकट आहे. कुणी पैसे मागितले तर समजा चुकीच्या ठिकाणी आलात. सहलवाले म्हणतील आम्ही भरून देतो. भरू द्या, पण शेजारी बसा. त्यात मुक्कामाचा पत्ता लिहावा लागतो. तुम्ही स्वतः लिहिला की हॉटेलचे नाव आपोआप पाठ होते. व्हिसाचे नियमही बदलत असतात, तिकीट काढण्याआधी त्या वेळचा नियम पाहावा.

हॉटेलात शिरल्याबरोबर काउंटरवरून त्यांचे कार्ड मागून घ्या, थाई अक्षरांत पत्ता असलेले. तिथल्या पुष्कळ टॅक्सीवाल्यांना इंग्रजी वाचता येत नाही. कार्ड दाखवले की माणूस खोलीपर्यंत पोचतो. टॅक्सीत मीटर असते, बँकॉकला ते 35 बाहतपासून सुरू होते. मीटर टाकत नसेल तर दुसरी पाहावी.

फोनचे तीन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा : पोलीस 191, रुग्णवाहिका 1669, आणि प्रवाशांसाठीचे वेगळे पोलीस 1155. ह्या शेवटच्यांना इंग्रजी समजते. युरोपात जाणार असाल तर 112, अमेरिकेत 911. हे नंबर फोनमध्ये ठेवाच, पण वहीतही ठेवा. फोनची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते.

पैसा. पांढुर्ण्यात भाजीवालीसुद्धा फोनवर पैसे घेते, म्हणून आपल्याला सवय लागली. तिथे त्यावर विसंबू नका. थोडे बाहत रोख आणि एक कार्ड, दोन्ही आपल्या नावचे, आपल्या पिशवीत. कार्ड परदेशात चालावे म्हणून इथूनच बँकेत सांगून ते सुरू करून घ्यावे लागते. तिथल्या मशीनमधून पैसे काढले की दर वेळी दोनशेवर बाहत कापले जातात, म्हणून चिल्लर चिल्लर काढू नये. आणि हो, कार्डाचा नंबर तुमचा तुम्हाला ठाऊक हवा. "ह्यांना माहीत आहे" हे तिथे चालत नाही, मी करून पाहिले.

औषध. थायलंडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. आपल्या घड्याळात साडेचार वाजतात तेव्हा तिथे सहा वाजलेले असतात आणि हिवाळ्यात सूर्य मावळायला टेकलेला असतो. चौविहार करणाऱ्यांनी, त्यातही साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी, निघण्याआधी डॉक्टरांना विचारावे की जेवण लवकर आणि कमी झाले तर गोळीचे काय करायचे. मी परतल्यावर स्थानकात महासतीजींना सगळे सांगितले. मला वाटले प्रायश्चित्त देतील. त्या एवढेच म्हणाल्या, पच्चक्खाणात आगार असतात ते अशाच वेळेसाठी, आणि विवेक न ठेवता घेतलेला नियम हा नियम नव्हे. गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, दोन वेगळ्या बॅगांत न्याव्या. खोकल्याची, दुखण्यावरची काही जोरकस औषधे तिथे कडक नियमात आहेत, चिठ्ठीशिवाय नेऊ नये. विम्याचा कागद आणि त्यांचा चोवीस तासांचा फोन दोघांजवळ हवा. विमा असून फोन नंबर नसणे म्हणजे विहीर असून दोर नसणे.

आता जेवण. खाकऱ्याला माझा विरोध नाही, मी स्वतः चांगले करते. पण दहा दिवस डब्यावर राहणाऱ्या बाईला दोन शब्द माहीत असले तर डबा निम्मा होतो. थाई स्वयंपाकात माशाचे पातळ पाणी, ज्याला ते नाम प्ला म्हणतात, जवळजवळ सगळ्यात पडते. दिसत नाही, भाजीतही असते. नुसते 'व्हेज' म्हणून उपयोग नाही. तिथे एक शब्द आहे, 'जे'. जे म्हणजे मांस-मासा नाही, अंडे नाही, दूध नाही आणि कांदा-लसूणही नाही. पिवळ्या पाटीवर किंवा झेंड्यावर लाल अक्षर दिसले तर तिथे हे जेवण मिळते. "किन जे" म्हटले की समजतात. बटाटा-गाजर त्यात असू शकते, ते वेगळे विचारावे लागते. दुसरा शब्द 'मांगसविरत'. कानाला ओळखीचा वाटला ना? आपलाच, मांसविरती. पण त्यात अंडे चालते, म्हणून सांभाळून. "माय साय" म्हणजे घालू नका : माय साय नाम प्ला, माय साय खाय. खाय म्हणजे अंडे. नमस्काराला 'सवातडी', मूळ आपले स्वस्ति. बाईने शेवटी 'खा' लावायचे. मला इंग्रजीपेक्षा हे लवकर आले.

दुधाच्या, पावाच्या पाकिटावर तारीख वाचताना दचकू नका. तिथे बुद्धाचे वर्ष चालते, इसवी सनापेक्षा 543 ने पुढे. 2024 ला त्यांचे 2567 होते. आपण वीर निर्वाण संवत मोजणाऱ्या माणसांनी तरी ह्याला हसू नये.

बारीकसारीक : मोबाईलचा दोन पिनांचा चार्जर तिथे बहुधा बसतो, जाड तीन पिनांचा बसत नाही. नळाचे पाणी पिऊ नये. संडासात पाण्याचा फवारा असतो, त्याची काळजी नाही. मंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, चपला बाहेर. भिक्षूंना बाईने स्पर्श करायचा नसतो. आपल्याला हे कुणी शिकवायला नको. राजाबद्दल थट्टेनेही बोलू नये, तिथे तो मोठा गुन्हा आहे.

आणि एक जड मनाने लिहिते. सहलीच्या कार्यक्रमात हत्तीवर बसणे होते, साखळीतल्या वाघाजवळ फोटो काढणे होते. कार्यक्रमाचा कागद पुरुषांजवळ होता, आम्हाला जागेवर गेल्यावर कळले. बसमध्ये सगळे सरसावलेले, नाही म्हणायला तोंड उघडले नाही. खाकऱ्याने अहिंसा सांभाळली आणि अंकुश टोचलेल्या हत्तीवर बसून फोटो काढला, हे आमच्यातल्या किती घरांत भिंतीवर लावलेले आहे! कागद आधी हातात असता तर हे दोन कार्यक्रम आम्ही बायकांनी इथूनच काढायला लावले असते. एवढे आमचे नक्की चालते.

तर हे सारे इतके साधे आहे. ह्यात वेदान्त नाही. मग बायकांना का सांगत नाहीत?

पहिले कारण देतात, "तुमच्याकडून हरवेल." वा! घरातले सोने कुणाजवळ असते? लॉकरची किल्ली कुणाजवळ? मुलांच्या लशीचे कार्ड, तीस वर्षांची दूधवाल्याची डायरी, सासूबाईंच्या ऑपरेशनचे कागद, हे कुणी सांभाळले? एक छत्तीस पानांचे पुस्तक तेवढे हरवणार?

दुसरे, "इंग्रजी येत नाही." थाई बाईलाही येत नाही. त्या रात्री हॉटेलच्या बाईला आणि मला मिळून वीस इंग्रजी शब्द येत असतील. त्यात रुग्णवाहिका आली.

तिसरे, "सहलीचा माणूस असतो ना." असतो, दिवसा. त्या रात्री त्याचा फोन सकाळी सहाला लागला.

चौथे, दबक्या आवाजात, "वहिनी, तुम्ही घराघरांत काहून भांडणं लावून राहिल्या? आपल्या माणसावर विश्वास नाही का?" मला गोटमार खेळायची नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून दगड चालतात, ते पाहूनच माझे पोट ढवळते. विश्वासाचा प्रश्न नाहीच. ह्यांच्यावर माझा विश्वास होता आणि आहे. पण त्या रात्री ह्यांनाच माझी गरज होती, आणि मी रिकाम्या हाताने उभी होते. नवऱ्याची काळजी करायची म्हणतात ना? मग काळजी करायला लागणारे कागद तरी द्या.

पाचवे कारण कुणी बोलत नाही, ते मी बोलते. आपल्यालाही हे सोयीचे वाटते. कागद त्यांच्याजवळ म्हणजे चूक त्यांची. आपण खिडकीजवळ बसायचे. सौसरच्या टाळ्या तिथून आल्या. बायांनो, ही सोय महाग आहे. आज ह्यांची साखर उतरली, त्या दिवशी बाटली हाताशी होती. उद्या मुलगी बाळंतपणाला अमेरिकेत बोलावील. तेव्हा आपण एकट्या जाऊ, कारण दुकान बंद ठेवता येत नाही. त्या दिवशी विमानतळावरचा अधिकारी विचारील कुठे राहणार, किती दिवस, आणि मागे वळून पाहिले तर तिथे काळी बॅगवाले हे नसतील.

हे सगळे निघण्याच्या आदल्या रात्री जमत नाही. सुरुवात घरातल्या कपाटापासून करावी लागते. आपल्या बायकांच्या कागदांत नावे तरी किती! शाळेच्या दाखल्यावर माहेरचे, आधारवर सासरचे, बँकेत नवऱ्याचे नाव मधे घालून मराठी पद्धतीचे, मतदार यादीत हिंदी पद्धतीने 'पति श्री' अमुक, कुठे आडनाव गोत्राचे तर कुठे नुसते 'जैन'. जन्मतारखाही दोन. 2023 ला पांढुर्णा जिल्हा झाला, पण पुष्कळांच्या कागदांवर अजून छिंदवाडाच आहे. एक दुपार काढा, सगळे कागद सतरंजीवर मांडा आणि एक नाव, एक तारीख, एक पत्ता करून घ्या. पासपोर्टसाठी बाईने लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असे नाही. 2017 साली पंतप्रधानांनीही हे जाहीर सांगितले आहे. अर्ज 2018 पासून देशात कुठूनही करता येतो. पोलिसांची चौकशी मात्र आपल्या पत्त्यावर येते. ते आले की उत्तर आपण द्यावे. "ते दुकानात आहेत, संध्याकाळी या" असे म्हणून त्यांना परत पाठवू नये. चौकशी आपली असते.

कुणाला वाटेल हे नव्या जमान्याचे खूळ आहे. 1883 साली आनंदीबाई जोशी अठरा वर्षांच्या असताना कलकत्त्याहून बोटीत बसल्या, नवऱ्याला इथे ठेवून, आणि अमेरिकेत शिकून 1886 ला डॉक्टर झाल्या. पंडिता रमाबाई अमेरिका पाहून आल्या आणि 1889 साली त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक छापले, मराठीत. तिथली माणसे कशी राहतात, राज्य कसे चालते, बायका काय करतात, हे सगळे एका बाईने आपल्या भाषेत लिहून ठेवले. त्याला एकशे पस्तीस वर्षे उलटून गेली. आणि आज आम्हाला माहिती काय मिळते, तर मेथांबा गळतो.

माझे मागणे मोठे नाही. पुढच्या वेळी महिला मंडळात परदेशाचा कार्यक्रम ठेवाल तेव्हा प्रत्येकीने आपला पासपोर्ट हातात घेऊन यावे. नसेल तर आधार आणि शाळेचा दाखला आणावा, तिथेच बसून फॉर्म भरू. नंबर वहीत उतरवू. कार्ड सुरू आहे का पाहू. सहलीचा कार्यक्रम आधी मागून वाचू. मग शेवटची दहा मिनिटे खाकऱ्यांवर बोलू, त्यातही मी कमी पडणार नाही.

आमच्या घरी बदल झाला आहे. काळी बॅग अजून आहे, कुलूप नवे आणले. आकडा दोघांना माहीत आहे आणि त्यात माझा पासपोर्ट नाही. आमचे हे परवा कुणाला तरी सांगत होते, "आता हिच्याजवळ कागद असतात, मला झोप चांगली लागते."

ह्या लिहिण्याने कुणाचे मन दुखावले असेल तर मिच्छामि दुक्कडम्. पासपोर्ट मात्र माझ्याजवळच राहील.